एकाचा फरक

“मॅडम, एकशेतेवीसची पावती उघडायला गेलं की एकशेचोवीसची उघडते. एकशेपंचवीसची उघडली तरी एकशेचोवीसचीच. एकशेचोवीसची उघडली तर मात्र तीच उघडते. ती बरोबर आहे.”

शेवटचं वाक्य मला बरं वाटावं म्हणून असावं. मी ठाणे स्टेशनात दहा नंबरवर उभी होते, ऐरोलीला जायला वाशी लोकलची वाट बघत. २०२४च्या एप्रिलमधला पहिला शुक्रवार. एका पतपेढीला आम्ही हिशेबाची नवी प्रणाली करून दिली होती. एक तारखेला, नव्या आर्थिक वर्षाबरोबर ती सुरू झाली आणि चार दिवस कुणाची तक्रार नव्हती. एकदा कापलेली पावती पुन्हा उघडून बघायची वेळच त्या चार दिवसांत कुणावर आली नव्हती, हे त्यामागचं खरं कारण. पाचव्या दिवशी एका सभासदाला हरवलेल्या पावतीची दुसरी प्रत हवी झाली आणि तिथल्या हिशेबनीस बाईंनी मला फोन लावला.

“एकशेसव्वीसची बघता का, ताई?”

“ती बरोबर येतेय.”

“एकशेसत्तावीस?”

“थांबा हं.” माऊसची टिकटिक. “एकशेअठ्ठावीसची आली.”

लोकल आली आणि गेली. मी चढलेच नाही.

आमचा पावती क्रमांक सतरा अंकी होता. पहिले दोन अंक शाखेचे, मग आठ तारखेचे, मग सात अनुक्रमाचे. अकरा नंबरच्या शाखेतली ३ एप्रिलची ती पावती म्हणजे ११२०२४०४०३००००१२३. शाखांची सुरुवात अकरापासून का, तर ती माझी हुशारी. एकपासून सुरुवात केली असती तर ०१ लिहावं लागलं असतं, आणि जेसनमध्ये संख्येच्या आधी शून्य लावलेलं चालत नाही. हा बारका नियम मला तोंडपाठ होता. मोठा नियम मात्र डोळ्यांसमोरून निसटला.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. जेसन म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना पाठवायच्या चिठ्ठीची एक ठरलेली पद्धत. (आमच्या ऑफिसात निम्मे लोक जेसन म्हणतात, निम्मे जेसॉन. भांडणं होत नाहीत.) पतपेढीचा सर्व्हर चिठ्ठी लिहितो: पावती क्रमांक अमुक, रक्कम तमुक. ब्राउझर ती वाचतो आणि स्क्रीनवर दाखवतो. डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली, आणि तिचं सगळं व्याकरण एका पानावर मावतं. त्यात संख्या कशी लिहायची तेही आहे. हवं तर आधी उणे चिन्ह, मग अंक, मग लागलंच तर दशांश चिन्ह आणि पुढचे अंक. अंक किती असावेत यावर बंधन नाही. शंभर अंकी संख्या लिहा, व्याकरणाच्या दृष्टीने चिठ्ठी शुद्ध.

ऑफिसात पोचल्यावर ब्राउझरमध्ये आत डोकावलं, तेव्हा सर्व्हरकडून आलेली चिठ्ठी जशीच्या तशी दाखवणाऱ्या खिडकीत क्रमांक १२३ने संपत होता. तीच चिठ्ठी उलगडून, नीट मांडून दाखवणाऱ्या शेजारच्या खिडकीत तो १२४ने संपत होता. एकाच स्क्रीनवर, दोन बोटांच्या अंतरावर. म्हणजे लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलं होतं, कागदावरही बरोबर उमटलं होतं. चूक वाचणाऱ्याची होती.

वाचणारी होती जावास्क्रिप्ट, ब्राउझरच्या आत चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा. १९९५ साली ब्रेंडन आईक यांनी नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीत ती दहा दिवसांत उभी केली आणि तिला संख्येचा एकच प्रकार दिला. पूर्णांक असो की अपूर्णांक, सगळं ६४ बिटांच्या एकाच साच्यात. त्यात नेमकेपणा मिळतो ५३ बिटांचा. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक तिला ठाऊक असतो. त्याच्या थोडं पुढे गेलं की तिला फक्त सम संख्या दिसतात. विषम संख्या तिच्या दृष्टीने नसतेच. मग ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. दोन शेजारी सारख्याच अंतरावर असतील तर कुठला निवडायचा, याचाही नियम आहे, आणि त्या नियमाने आमच्या पावत्यांमध्ये चाराने भाग जाणारा प्रत्येक क्रमांक आपल्या दोन्ही बाजूंच्या विषम शेजाऱ्यांना घरात घेत होता. १२३, १२४, १२५ असे तिघे १२४च्या खोलीत. १२६ एकटा. १२७, १२८, १२९ पुन्हा तिघे एका खोलीत. बाईंनी फोनवर जे सांगितलं होतं ते तंतोतंत हेच.

लहानपणी एकं, दहं, शतं घोकताना आम्ही पार परार्धापर्यंत जायचो. अठरा स्थानं. त्यातल्या सोळाव्या स्थानाचं नाव अंत्य. जावास्क्रिप्टची खात्री नेमकी सोळा अंकी संख्येत संपते. योगायोग आहे, पण त्या दिवशी मला त्याचं हसू आलं नाही.

आम्ही टेस्टिंग केलं नव्हतं असं नाही. केलं होतं. टेस्टच्या डेटाबेसमध्ये पावत्यांचे क्रमांक होते एक, दोन, तीन.

आमच्यासारखे आधीही होऊन गेलेत, हाच काय तो दिलासा. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटना मोठे क्रमांक द्यायला घेतले तेव्हा हीच अडचण समोर होती. त्यांनी प्रत्येक ट्वीटसोबत तोच क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत, अक्षरांची माळ म्हणून. डिसेंबर २०१७ मध्ये निघालेल्या जेसनच्या प्रमाण दस्तऐवजातही ही मर्यादा लिहून ठेवली आहे: अमुक इतक्या मोठ्या पूर्णांकापर्यंतच दोन्ही बाजूंचं एकमत होईल असं धरून चाला. तो दस्तऐवज मी वाचला होता. अर्थात आधी शून्य चालत नाही, त्या ओळीपर्यंत.

संध्याकाळी बाबांबरोबर तलावपाळीला गेले. बाबा बत्तीस वर्षं एका पतपेढीत होते, या नव्हे, दुसऱ्या. कॉम्प्युटर येण्याआधीची रोजकीर्द आणि खतावणी त्यांनी हाताने लिहिली आहे. माझं तोंड बघून त्यांनी एवढंच विचारलं, “फरक किती?”

“एकाचा.”

“म्हणजे माणसाने केलेला नाही.”

मला आधी वाटलं, लेकीची समजूत काढतायत. पण ते हिशेबाचंच बोलत होते. माणसाच्या चुकीला स्वतःचा एक आकार असतो, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. ताळा जमला नाही की आधी फरकाला नवाने भाग जातो का बघायचं. गेला तर कुठेतरी दोन अंक उलटे पडलेत. २५चे ५२ झाले की फरक २७, ६८चे ८६ झाले की १८, कायम नवाच्या पाढ्यात. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असते. फरक दहाचा किंवा शंभराचा असला तर बेरजेत हातचा राहिलाय. एक रुपयाचा किंवा एक पैशाचा फरक बाबांना सगळ्यात नकोसा वाटायचा. पैसा दिसतोय एवढासा, पण दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना गिळून उरलेलं ते शेपूटही असू शकतं. त्या पैशासाठी मार्चअखेरीस रात्री अकरापर्यंत थांबलेले बाबा मला आठवतात. वरच्या खिशातला स्वतःचा एक पैसा टाकून मोकळं व्हायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही. एकदा मी तसं सुचवलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बोलले नाही.

ताळा करायला माणसं दोन लागायची. एक खतावणीतून वाचणार, दुसरा रोजकीर्दीत टिक मारणार. रविवारी ते काही काम घरी आणत आणि मला समोर बसवत. ते वाचायचे, मी कच्च्या वहीत लिहायची. आठ-नऊ वर्षांची असेन. “एकोणसत्तर,” बाबा म्हणायचे, आणि मी ७९ लिहायची. कानावर ‘सत्तर’ पडलेलं असायचं, हात आपोआप सातकडे जायचा. “पंचवीस” म्हटलं की आधी ऐकू यायचा पाच, म्हणून आधी लिहिला जायचा पाच.

आपल्या भाषेत संख्या सांगायची रीतच तशी आहे. एकशेपंचवीस म्हणताना आपण आधी शंभर सांगतो, मग एकदम शेवटचा पाच, आणि मधला वीस सगळ्यात शेवटी. एकोणतीस म्हणजे तर सरळ वजाबाकी: तीस, पण त्यातला एक काढा. हा एकोणचा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालतो आणि नव्व्याण्णवला येऊन मोडतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विनोद झाले, विधिमंडळात टोले हाणले गेले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना गणिताचीच भीती बसते. तेव्हा मीही हसणाऱ्यांतच होते. ‘त्रेसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ हे शब्द मला प्रिय आहेत, ते जावेत असं आजही वाटत नाही. पण पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुलगी मीच होते, हे त्या हसण्यात मी सोयीस्कर विसरले होते.

पावतीचा क्रमांक अवतरणचिन्हांत घातला आणि तो प्रश्न सोमवारी दुपारपर्यंत मिटला. त्या निमित्ताने मी रकमांकडे वळले, आणि खरं काम तिथे निघालं.

रक्कम आम्ही जेसनमध्ये दशांश अपूर्णांक म्हणून पाठवत होतो, १२५०.१० अशी. वाचणारा तिला त्याच ६४ बिटांच्या साच्यात ओततो, आणि तो साचा अपूर्णांक मोजतो निम्मं-निम्मं करत. अर्धा, पाव, अदपाव, छटाक, आणि तसंच पुढे. या वाटण्यांतून पाव रुपया नेमका बनतो. दहा पैसे काही केल्या बनत नाहीत, जसं एक भागिले तीन आपल्याला दशांशात कधीच पुरतं लिहिता येत नाही. मशीनमधला ०.१ म्हणजे प्रत्यक्षात ०.१, त्यापुढे सोळा शून्यं आणि मग ५५५१ वगैरे. ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३, पंधरा शून्यं आणि शेवटी एक आगंतुक ४ येतो, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पहिल्या वर्षात कधीतरी पाहिलेलं असतं. रुपयाच्या आतल्या शून्य ते नव्व्याण्णव अशा शंभर किमतींपैकी मशीनला नेमक्या कळतात फक्त चार: शून्य, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. बाकीच्या शहाण्णव ती अंदाजाने धरते. अंदाज फार बारीक असतो, पण असतो अंदाजच.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ तळ्यातल्या कारंज्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्या मशीनला आणे कळतात.”

मी चालता चालता थांबले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. जुन्या रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा म्हणजे चार वेळा निम्मं, चौसष्ट म्हणजे सहा वेळा. चवली, पावली, अधेली यांतलं प्रत्येक नाणं त्या साच्यात कणभरही न सांडता बसतं. बाबांना शाळेत पाठ करावी लागलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (औट म्हणजे साडेतीन), यांतला एकही अपूर्णांक मशीनला अवघड नाही. तराजूने मोजणाऱ्या माणसांचे हे आकडे. दोन पारड्यांत माल सारखा वाटला की अर्धा, पुन्हा वाटला की पाव. जांभळी नाक्याच्या मंडईत भाजीवाली आजही पाव किलो, अर्धा किलो असंच बोलते, दोनशे ग्रॅम मागितलं की मान वर करून बघते. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हिशेब माणसांना सोपा झाला आणि पुढे येणाऱ्या यंत्रांना कायमचा अवघड. ‘सोळा आणे खरं’ ही आपली बोली त्या साच्यापुरती अक्षरशः खरी आहे. जुन्या पद्धतीतली पै मात्र दगा देते. रुपयाच्या १९२ पै, त्यात तीनाचा भाग, ती निम्म्या-निम्म्याने जमत नाही. पैपैचा हिशेब तेव्हाही कठीणच गेला असता.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराची गोष्ट मी बाबांना तिथल्याच एका बाकावर सांगितली. तिथे १९८२ च्या जानेवारीत १००० या आकड्यावर नवा निर्देशांक सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो नव्याने काढायचा आणि तीन दशांश स्थळांपुढचं छाटून टाकायचं, असा प्रोग्रॅम. छाटलेलं नेहमीच खालच्या बाजूला जायचं. १९८३ च्या नोव्हेंबरात निर्देशांक ५२४ वर आला होता. नीट मोजून पाहिला तर तो १०९८ असायला हवा होता. बाबांना छाटण्याचं नवल वाटलं नाही. “बावीस महिने कुणी ताळाच केला नाही?” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

उपाय अवघड नाही. रक्कम आत पैशांत ठेवायची, पूर्ण संख्या म्हणून, आणि बाहेर पाठवताना जेसनमध्ये ती कशी लिहायची ते आपण स्वतः ठरवायचं. आमचा सर्व्हर गो नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. गोमध्ये तुम्ही स्वतःचा प्रकार घडवू शकता, मी त्याला ‘पैसे’ असंच नाव दिलं, आणि त्याला दोन कामं शिकवायची: चिठ्ठीत स्वतःला कसं लिहायचं आणि चिठ्ठीतून स्वतःला कसं वाचायचं. लिहिणं म्हणजे शंभराने भागा, भागाकार रुपये, बाकी पैसे, मध्ये टिंब, भोवती अवतरणचिन्हं. दहा मिनिटांचं काम, असं मी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, म्हणाले.

पहिल्या फटक्यात १२५० रुपये ५ पैसे “१२५०.५” असे लिहिले गेले. बाकी पाच होती, मी पाच लिहिले, पुढचं शून्य घालायचं राहिलं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाच पैशांचे पन्नास झाले. ते सुधारलं तर दुसऱ्या दिवशी उणे पन्नास पैशांची एक समायोजनाची नोंद आली. शंभराने भागल्यावर रुपये शून्य, बाकी उणे पन्नास, आणि चिठ्ठीत उमटलं “०.-५०”. इतका हास्यास्पद आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो छापून डेस्कवर लावलाय. उणे चिन्ह आधी बाजूला काढायचं, उरलेली रक्कम लिहायची, मग चिन्ह पुढे चिकटवायचं. बाबा वहीत उणे रक्कम कंसात लिहायचे ते उगाच नव्हे.

वाचणं त्याहून नाजूक. पहिल्या प्रयत्नात माझ्या वाचणाऱ्याने चिठ्ठी उघडून ती वाचायला पुन्हा स्वतःलाच बोलावलं, त्याने पुन्हा स्वतःला, आणि सर्व्हर स्वतःलाच हाका मारत मेला. हा गोमधला प्रसिद्ध खड्डा आहे, प्रत्येक जण एकदा पडतो, मी दोनदा पडले. मग प्रश्न आला की काय काय स्वीकारायचं. सभासदांच्या मोबाइलमधलं जुनं ॲप अजून अवतरणांशिवाय रक्कम पाठवत होतं, ते काही महिने चालवून घेणं भाग होतं. रिकामी माळ आली तर शून्य धरायचं का? “१,२५,०००.००” असं स्वल्पविरामासकट आलं तर? आणि एका सभासदाने मराठी कीबोर्डवरून “१५००” भरले होते. पायथन ही दुसरी भाषा देवनागरी अंक निमूट वाचते, गो वाचत नाही, आणि जेसनच्या व्याकरणात तर इंग्रजी अंकांशिवाय कशालाच जागा नाही. या लेखातला एकही आकडा त्याने संख्या म्हणून घेतला नसता.

टीममधल्या एका मुलाचं म्हणणं, उदार राहूया. त्याने इंटरनेटच्या पायाभरणीतले जॉन पोस्टेल यांचा १९८० सालचा नियम काढला: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. इंटरनेट त्या नियमावर उभं राहिलं हे खरं, पण पैशाच्या बाबतीत मला तो अजिबात पटत नाही. “१२५०.५०५” आले तर तो अर्धा पैसा वर ढकलायचा की खाली, हे ठरवणारी मी कोण? काउंटरवरच्या कारकुनाने सभासदाच्या स्लिपवर स्वतःच्या मनाने आकडा दुरुस्त केला तर त्याला मेमो मिळतो. मी वाचणाऱ्याला नकार द्यायला शिकवलं. दोनपेक्षा जास्त दशांश स्थळं, परत. स्वल्पविराम, परत. रिकामं, परत. देवनागरी अंकांची सोय फॉर्ममध्ये केली, तिथे माणूस समोर असतो, त्याला विचारता येतं. दोन दिवस भांडण चाललं, शेवटी प्रत्येक नकाराला कारण लिहायचं या अटीवर तो मुलगा गप्प बसला. ती अट मात्र त्याची, आणि चांगली होती.

या सगळ्यात बाबांनी सोसायटीच्या पाणीपट्टीचा चेक लिहिताना मला हाक मारली, चष्मा शोधायला. आमच्या नौपाड्यातल्या इमारतीचे ते खजिनदार आहेत, आणि चेक अजून हातानेच लिहितात. आधी आकडा, त्याला चिकटून तिरकी रेघ आणि आडवी रेघ, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. मग अक्षरी: रुपये अमुक हजार तमुकशे फक्त. ‘फक्त’नंतर उरलेल्या जागेत शेवटपर्यंत एक ओळ ओढायची. इतक्या वर्षांत हजार वेळा बघितलेली गोष्ट. आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर काय धरायचं, मी विचारलं.

“अक्षर. १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम अठरा.” त्यांनी मान वर न करता सांगितलं. “प्रत्यक्षात बँक चेक परत पाठवते. पण कायदा अक्षराच्या बाजूने.”

मी अवतरणचिन्हांत घातलेल्या माझ्या सतरा अंकांचा विचार करत तिथेच चष्मा धरून उभी राहिले.

मे महिन्यात हिशेबनीस बाईंचा पुन्हा फोन आला. स्क्रीनवर सगळं ठीक होतं, पण महिन्याची यादी एक्सेलमध्ये उघडली की प्रत्येक पावती क्रमांकाच्या शेवटी दोन शून्यं. एक्सेल संख्येचे पंधराच अंक सांभाळतं, उरलेल्यांच्या जागी शून्य बसवतं. आमच्या फाइलमध्ये काहीच चूक नव्हती. मी त्यांना फाइल आणायच्या दोन-तीन पद्धती सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

“राहू द्या मॅडम. आम्ही खाते नंबर टाकताना आधी ते एकेरी अवतरण देतोच की, सेलच्या सुरुवातीला. मग एक्सेल हात लावत नाही. मला वाटलं तुमच्या प्रणालीत तसलं काही असेल, म्हणून विचारलं.”

“आता आहे,” मी म्हणाले.

“मग बरं झालं.” आणि त्यांनी फोन ठेवला. एवढं सांगायला मला एप्रिलचा अख्खा महिना लागला होता.

दिवाळीच्या सुमारास बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन आठवडे वाचायचं नाही, पण इमारतीच्या देखभाल खर्चाचा ताळा तर राहिलेला. म्हणून रविवारी मी वही घेऊन वाचायला बसले आणि ते हिरवा गॉगल लावून, जाड स्केचपेनाने, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आपल्या यादीवर टिक मारायला. पहिल्या पाच-सहा रकमा सरळ गेल्या. मग आली एकोणसत्तर.

“एकोणसत्तर,” मी म्हटलं.

पेन कागदावर टेकलं, पण टिक झाली नाही. “सहा-नऊ ना?”

“हो. सहा, नऊ.”

“पुढे.”